स्वातंत्र्य कोणाचे? हुतूतूपासून कबड्डीपर्यंत भूमिकांचा प्रवास

१

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर आगरदांडा हे गाव आहे. समोरच्या काठावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला. गावाच्या नावातला ‘आगर’ हा शब्द कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही लावतात आणि मिठाच्या वाफ्यांनाही. इतिहासाच्या ग्रंथांत हा परिसर दंडा-राजपुरी या नावाने भेटतो, आणि तो भेटतो मुख्यतः सिद्दी व मराठे यांच्या आरमारी संघर्षाच्या निमित्ताने. या किनाऱ्याला दुसराही एक इतिहास आहे, ज्याची दखल बखरकारांनी घेण्याचे कारण नव्हते. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांत, विशेषतः आगरी-कोळी समाजात, पिढ्यानपिढ्या खेळल्या गेलेल्या हुतूतूचा, म्हणजे आजच्या कबड्डीचा, तो इतिहास होय. रायगडकर आपल्या जिल्ह्याला कबड्डीची पंढरी म्हणतात. या म्हणण्यात अभिमान असला तरी अतिशयोक्ती फारशी नाही.

त्या इतिहासातला एकच धागा येथे हाती घ्यायचा आहे. सात जणांच्या संघात ‘भूमिका’ कशा निर्माण झाल्या? त्या कोणी ठरवल्या? आणि डावपेचांचे स्वातंत्र्य जसजसे विस्तारत गेले, तसतसे ते नेमके कोणाच्या पदरात पडले? साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न परके वाटू नयेत. पात्र, संहिता आणि दिग्दर्शक यांच्यातले नाते हा आपल्या नेहमीच्या विवेचनाचा विषय आहे. तेच नाते लाल मातीच्या मैदानावर कसे घडत गेले, एवढेच येथे पाहायचे आहे.

२

‘भूमिका’ हा शब्द क्रीडावृत्तान्तात आला तो रंगभूमीकडून. भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकाविकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या अंगकाठीच्या, कोणत्या चालीच्या नटाला देवाचे पात्र द्यावे, कोणाला राक्षसाचे, कोणाला राजाचे, याचा विचार तेथे केलेला आहे. म्हणजे भूमिकेच्या कल्पनेत आरंभापासूनच तीन पक्ष गृहीत धरलेले आहेत : ज्याचा देह पणाला लागतो तो नट, आधीच रचून ठेवलेले पात्र, आणि या दोहोंची सांगड घालणारा योजक. भूमिकेविषयीचा कोणताही वाद अखेरीस या तिघांपैकी कोणाचा शब्द चालावा, या मुद्द्याशी येऊन थांबतो.

खेळातही हे तीन पक्ष असतातच. खेळाडू असतो, मैदानावरची ‘जागा’ असते, आणि कोणाला कोठे उभे करायचे हे ठरवणारा कोणीतरी असतो. गल्लीतल्या खेळात खेळाडू आणि योजक हे एकच असतात. संघटित खेळात ते वेगळे होतात. त्यांचे हे वेगळे होणे जर अगदी शुद्ध, प्रयोगशाळेतल्यासारख्या रूपात पाहायचे असेल, तर गेल्या तीन-चार दशकांत लोकप्रिय झालेल्या एका संगणकीय क्रीडाप्रकाराकडे वळावे लागेल. फुटबॉल व्यवस्थापनाचे खेळ ते हेच.

या खेळांत खेळणारा माणूस चेंडूला स्पर्शही करीत नाही. तो संघाचा व्यवस्थापक असतो. खेळाडू विकत घ्यावेत, त्यांची रचना ठरवावी, सूचना द्याव्यात; मग सामना संगणक खेळतो आणि आपण पाहत बसतो. इंग्लंडमधील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये बाजारात आला, आणि या प्रकाराला मोठा वर्ग मिळाला. शतकाच्या वळणावर आलेल्या त्याच्या आवृत्त्यांत व्यवस्थापकाला जवळजवळ निर्बंध स्वातंत्र्य होते. चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे, तो आपल्याकडे आहे की प्रतिपक्षाकडे, यानुसार प्रत्येक खेळाडूला पडद्यावर हवे तेथे ओढून ठेवता येई. या रचनेत खेळाडूच्या कामाला नाव नव्हते. तो नकाशावरचा एक ठिपका होता.

पुढे कॉलियर बंधूंच्या संस्थेने ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने आपली मालिका चालू ठेवली. २००९ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत नावानिशी भूमिका अवतरल्या. आता बचावपटू हा केवळ बचावपटू राहिला नाही. चेंडू खेळवणारा बचावपटू, मागे थांबून सूत्रे हलवणारा मध्यरक्षक, अशी प्रत्येक जागेसाठी भूमिकांची यादीच व्यवस्थापकापुढे आली, आणि प्रत्येक भूमिकेला आक्रमण, साहाय्य किंवा बचाव असे कर्तव्य जोडलेले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीत तर एकाच खेळाडूला दोन भूमिका देण्याची सोय झाली : चेंडू आपल्या संघाकडे असताना एक, नसताना दुसरी.

या इतिहासातला एक बारकावा फार बोलका आहे. २०१३ पूर्वीच्या आवृत्त्यांत खेळाडूंना ‘सर्जनशील स्वातंत्र्य’ किती द्यावे, हे ठरवण्यासाठी एक सरकपट्टी होती. ती उजवीकडे सरकवली की खेळाडू स्वतःच्या मर्जीने अधिक खेळत, डावीकडे सरकवली की हुकमाबाहेर जात नसत. म्हणजे खेळाडूचे स्वातंत्र्यदेखील व्यवस्थापकाने मोजून दिलेली शिधासामग्री होती. व्यवस्थापकाचे स्वातंत्र्य किती असावे, याला मात्र सरकपट्टी नव्हती.

जर्मनीचा थॉमस म्युलर याने २०११ मध्ये एका मुलाखतीत स्वतःला ‘राउमडॉयटर’ म्हटले. अर्थ असा की मोकळ्या जागेचा अन्वयार्थ लावणारा. जर्मन भाषेत स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्याला ‘ट्राउमडॉयटर’ म्हणतात. त्या शब्दाशी केलेला हा खेळ होता. आपण रूढ अर्थाने आघाडीवीरही नाही आणि मध्यरक्षकही नाही, हे सांगण्यासाठी एका खेळाडूने स्वतःपुरता घडवलेला तो शब्द. पुढे याच शब्दाला फुटबॉल मॅनेजरच्या यादीत स्थान मिळाले. चौकटीत न बसण्याचे वर्णन म्हणून जन्मलेला शब्द स्वतःच एक चौकट झाला, आणि जगभरचे व्यवस्थापक तो इतर खेळाडूंना चिकटवू लागले.

यावरून एक निरीक्षण नोंदवता येते. डावपेचांचे स्वातंत्र्य वाढले म्हणजे भूमिका सैल होतात, असा सर्वसाधारण समज आहे. स्वातंत्र्य योजकाच्या हाती असेल तर उलटच घडते : त्याला जितके पर्याय अधिक, तितकी खेळाडूची व्याख्या अधिक अरुंद. हे निरीक्षण पडद्यापुरतेच खरे आहे की मातीतही, हे पाहण्यासाठी आता हुतूतूकडे यावे.

३

महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडूडू, तमिळ प्रदेशात चेडुगुडू अशी या खेळाची नावे. नियम बांधले जाण्यापूर्वी मैदानाचा आकार, भिडूंची संख्या, बाद कोण आणि जिवंत कोण याचे संकेत हे सारे गावागणिक बदलत असे. मात्र एक गोष्ट सर्वत्र समान होती, आणि ती म्हणजे दम. एका श्वासात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचे, गडी मारायचे आणि श्वास तुटण्यापूर्वी परतायचे. चढाई किती लांबवायची हे चढाई करणाऱ्याच्या छातीवर अवलंबून होते. काळ मोजणारे यंत्र खेळाडूच्या देहातच होते.

नियमबद्धतेचा पहिला मान महाराष्ट्राकडे जातो. १९१८ च्या सुमारास नियम एकत्र करण्याचा प्रयत्न झाला. १९२३ मध्ये ते छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्यांच्या आधारे स्पर्धा झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत या खेळाचाही समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून कबड्डी पदकाचा खेळ झाला. खेळ देशभर आणि आशियाभर पोचवण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

या सनावळीपेक्षा आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते खेळाचे तीन जुने प्रकार : संजीवनी, गामिनी आणि अमर. यांतला फरक वरवर पाहता बाद झालेल्या गड्याचे काय करायचे एवढाच आहे. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी पुन्हा जिवंत होऊन आत येतो.

आता या तीन प्रकारांकडे भूमिकेच्या दृष्टीने पाहावे. अमरमध्ये सगळे गडी सदैव हजर. म्हणून प्रत्येकाने एकच काम सामन्याच्या अखेरपर्यंत करणे शक्य आहे. येथे भूमिका स्थिर राहू शकते. गामिनीत संघ हळूहळू ओसरत जातो. सात जणांचे काम पाच जणांना, मग तिघांना, मग एकट्याला करावे लागते. शेवटी उरलेला गडीच चढाई करणारा असतो आणि पकड करणाराही. येथे भूमिका विरघळत जाते. संजीवनीत तर संघाचा आकार क्षणोक्षणी बदलतो. ज्याच्यावर भिस्त तो चढाईपटू बाहेर बसला की त्याचे काम दुसऱ्याने उचलायचे, आणि तो परत आला की पुन्हा आपल्या जागी जायचे. येथे भूमिका हाताबदली होत राहते. संघटनेने राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीसाठी जो प्रकार स्वीकारला तो संजीवनी. म्हणजे आजच्या कबड्डीच्या मुळाशीच भूमिकेची अस्थिरता आहे. कोणत्याही प्रशिक्षकाला ‘हा चढाईचा, तो पकडीचा’ अशी वाटणी पूर्णपणे टिकवता येत नाही, कारण नियमच ती दर मिनिटाला मोडतो.

४

सात गडी अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या लगत आतल्या बाजूला दोघे, त्यांच्या पुढे दोन मध्यरक्षक ज्यांना मैदानावर ‘कव्हर’ म्हणतात, आणि मधोमध एक. कोपऱ्यातल्याचे काम बहुधा घोट्याची किंवा मांडीची पकड. कव्हरचे काम परतणाऱ्या चढाईपटूची वाट छातीने अडवणे. हातात हात गुंफून साखळ्या धरायच्या आणि त्या योग्य क्षणी मिटायच्या.

चढाईत ज्यांच्यावर मदार असते ते खेळाडू बचावाच्या वेळी बहुधा आतल्या जागांवर आणि मधोमध उभे केले जातात. म्हणजे त्यांच्या वाट्याला दोन भूमिका येतात : मध्यरेषा ओलांडल्यावर एक, प्रतिपक्षाचा गडी आपल्या अंगणात आल्यावर दुसरी. फुटबॉल मॅनेजरच्या अगदी अलीकडच्या आवृत्तीत जी गोष्ट नावीन्य म्हणून आली, ती हुतूतू खेळणारे पहिल्यापासून जगत होते. फरक इतकाच की संगणकावर या दोन भूमिका योजक निवडतो, आणि मातीवर त्या जागेच्या आणि वेळेच्या गरजेतून अंगावर येतात.

गावच्या संघात तर निवडीला वावच थोडा होता. किनाऱ्यावरच्या गावांतली तरुण मंडळी होडीवर, शेतात, मिठागरात किंवा मुंबईत. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून गेलेल्या कामगारांनी आपला खेळ सोबत नेला आणि गिरणगावात कबड्डीची मंडळे उभी राहिली. सणाला गावी आलेला गिरणीकामगार आणि गावातच राहिलेला त्याचा चुलतभाऊ एका संघात खेळत. जो आला तो खेळला. ज्याचे अंग दणकट तो कोपऱ्यात, ज्याच्या पायात चपळाई तो चढाईला. भूमिका ठरे ती देहावरून आणि हजेरीवरून. डाव रचणारा संघनायक मैदानातच असे, त्याच्या साखळीत हात गुंफून. त्याची आज्ञा चुकली तर पकडीत सापडणाऱ्यांत तोही असे.

याला उगाच सोनेरी भूतकाळ ठरवण्याचे कारण नाही. या व्यवस्थेत हुशार पण अंगाने किरकोळ मुलाला बहुधा बाहेरच बसावे लागे, आणि गावातले मानपान, भाऊबंदकी संघनिवडीतही शिरत असणारच. पुढे शहरांत रेल्वे, पोलीस, बँका, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांसारख्या आस्थापनांचे संघ उभे राहिले. खेळाडूला नोकरी मिळू लागली, सराव नियमित झाला, प्रशिक्षक आला. चांगल्या कोपरारक्षकाला कोपरारक्षक म्हणून ओळख मिळाली. भूमिकेला नाव मिळणे हे खेळाडूच्या कौशल्याला मान्यता मिळणेही असते, हे नाकारता येणार नाही.

५

त्यानंतर खेळाच्या नियमांत जे बदल झाले, त्यांतला जवळजवळ प्रत्येक बदल एकेका नव्या विशेषज्ञाला जन्म देणारा ठरला. निदान रेषेच्या एक मीटर मागे बोनस रेषा आली. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना ती ओलांडली की कोणालाही न शिवता गुण. त्यासाठी पायाची नेमकी टाच-चवडा मोजणारे चढाईपटू तयार झाले. हरयाणाचा अनुप कुमार हा त्यांतला सर्वांत नावाजलेला, ज्याच्या नेतृत्वाखाली २०१५ मध्ये यू मुंबाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर बाद, असा नियम व्यावसायिक कबड्डीत रुळला. त्यातून केवळ त्या तिसऱ्या चढाईसाठी राखून ठेवलेला खेळाडू दिसू लागला. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जास्त, हा अव्वल पकडीचा नियम आला. त्यातून संघ खिळखिळा झाला असतानाही धोका पत्करणाऱ्या कोपरारक्षकाचे मोल वाढले.

आणि दमाचे काय झाले? नियमपुस्तकात कबड्डीचा उच्चार आजही अनिवार्य आहे. पण चढाईची मर्यादा आता ३० सेकंद आहे, आणि ती पंचांच्या घड्याळावर मोजली जाते. छातीतला काळ भिंतीवर गेला. हा बदल प्रेक्षकांच्या आणि दूरचित्रवाणीच्या सोयीचा आहे, न्यायाच्या दृष्टीनेही तो बरा आहे, कारण श्वास तुटला की नाही यावरून होणारे तंटे त्यामुळे मिटले. मात्र त्याचा एक परिणाम असा की चढाई हे एक समान आकाराचे, मोजता येणारे एकक बनले. मोजता येणाऱ्या गोष्टीचे नियोजन करता येते. ‘पहिली चढाई रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीला अमुक’ असा आराखडा बाकावर बसून आखता येऊ लागला. संघनायक साखळीत होता. प्रशिक्षक मैदानाबाहेर आहे. डाव रचणारा रेषेच्या बाहेर जाणे, ही या इतिहासातली निर्णायक घटना मानावी लागेल. तिला एखादी तारीख नाही.

६

तारीख आहे ती बाजाराला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, १२.८० लाख रुपयांची. २०१८ च्या लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याला यू मुंबाने एक कोटी रुपयांना घेतले. २०२३ मध्ये पवन सेहरावतवरची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली. ज्या खेळाने पूर्वी फार तर नोकरी दिली, त्याने आता घर बांधून द्यावे अशी आशा किनाऱ्यावरच्या गावांतून निर्माण झाली असल्यास नवल नाही.

या लिलावात खेळाडूंची यादी दोन प्रकारे विभागलेली असते. एक विभागणी मूळ किमतीनुसार. दुसरी भूमिकेनुसार : चढाईपटू, बचावपटू, अष्टपैलू. म्हणजे खेळाडू बाजारात येतो तो आधी एका रकान्यात बसून. या रकान्यांवरच पुढे प्रेक्षकांचेही खेळ उभे राहिले. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’सारख्या मंचांवर लाखो लोक आपापला काल्पनिक संघ निवडू लागले, आणि त्यांत कबड्डीचाही समावेश झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा या मंचाचे पैशांचे खेळ बंद झाले. तोपर्यंत मात्र असंख्य प्रेक्षकांनी कबड्डीकडे योजकाच्या नजरेने पाहण्याची सवय लावून घेतली होती. चढाईपटूने धाडसाने बचावात उडी घेतली तर तो ‘आपले गुण घालवतो’ असे वाटणारा प्रेक्षक त्यातूनच तयार होतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो तो अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा. आगरदांड्यासारख्या गावात सातही जागा खेळत मोठा झालेला मुलगा निवड चाचणीला जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न ‘कुठे खेळतोस?’ असा विचारला जातो. ‘लागेल तिथे’ हे उत्तर गावच्या संघात गुण होते. चाचणीच्या रांगेत ती उणीव ठरू शकते. त्याने एक रकाना निवडायचा आणि त्यातच स्वतःला घासून-पुसून धारदार करायचे. एकदा निवडलेल्या रकान्याची किंमत पडली, एखाद्या नव्या नियमाने त्या कौशल्याची गरजच संपवली, तर भूमिकेसकट माणूसही मोडीत निघतो. संगणकावर ही चूक एका कळीने दुरुस्त होते. येथे त्या मुलाची कमाईची वर्षे हातची जातात.

७

इतिहास मात्र सरळ रेषेत चालत नाही, आणि या कथेत एक वळण अगदी अलीकडचे आहे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रो कबड्डीचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, संघनायक अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार. त्या हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू पुण्याकडे नव्हता. तो मान दबंग दिल्लीच्या आशू मलिकला मिळाला. सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरला अस्लम, जो चढाईही करीत होता आणि पकडही. मोहित गोयतही तसाच. आणि इराणचा मोहम्मदरेझा शादलू, ज्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले होते, हंगामातील सर्वाधिक पकडी करूनही गरज पडेल तेव्हा प्रतिपक्षाच्या अंगणात चढाईला जात होता.

या संघाची ताकद एका हुकमी चढाईपटूत नव्हती. कोण येईल हे प्रतिपक्षाला ठरवता येत नव्हते, आणि एकजण बाद झाला तर दुसऱ्याला त्याचे काम नवे नव्हते. संजीवनी प्रकाराच्या मुळाशी जी अस्थिरता आहे, तिला या संघाने अडचण न मानता आधार मानले. फुटबॉलमध्ये १९७४ च्या डच संघाने, रिनस मिशेल्स आणि योहान क्रॉयफ यांच्या काळात, जागांची अदलाबदल करून जे साधले त्याची येथे आठवण होते. पण आपल्या गावच्या संघाचीही आठवण व्हायला हवी, जेथे ‘लागेल तिथे’ हे उत्तर होते.

हे पुन्हा खेळाडूच्या स्वातंत्र्याकडे परतणे आहे काय? पूर्णतः नाही. अस्लम-मोहितचे अष्टपैलूपण ही प्रशिक्षकाचीच योजना होती, आणि लिलावाच्या यादीत ‘अष्टपैलू’ हाही एक रकानाच आहे. म्युलरच्या शब्दाचे जे झाले ते या शब्दाचेही होऊ शकते. तरीही दोन योजनांत फरक आहे. एका योजनेत योजक खेळाडूचे निर्णय स्वतःकडे घेतो. दुसरीत तो खेळाडूला निर्णय घेता यावा म्हणून त्याला अधिक कामे शिकवतो. पहिलीत डावपेचांचे स्वातंत्र्य बाकावर जमा होते, दुसरीत ते मैदानात वाटले जाते.

दक्षिण कोकणातील दशावताराचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. दशावतारात पात्रे ठरलेली, कथानकाची रूपरेषा प्रयोगापूर्वी सांगितलेली; लिखित संवाद मात्र नाहीत. राजा हा राजाच राहतो, पण तो काय बोलेल, किती वेळ बोलेल, समोरच्या पात्राने टाकलेला शब्द कसा झेलेल, हे नटाच्या बुद्धीवर आणि तयारीवर असते. भूमिका पक्की असणे आणि नट बांधलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ही लोककला शेकडो प्रयोगांतून दाखवत आली आहे. बंधन कशाला आहे आणि मोकळीक कशाला, याची वाटणी तेथे नटाच्या बाजूने केलेली आहे.

म्हणून भूमिका असाव्यात की नसाव्यात, हा वाद फारसा फलदायी नाही. त्या असणारच, नियमांची चौकट आली की जागा येतात आणि जागा आल्या की नावे येतात. कोपरारक्षकाला कोपरारक्षक म्हणण्यात त्याचा सन्मानही आहे. पाहायचे ते एवढेच, की नाव देणारा कोण, आणि नाव मिळाल्यानंतर ते ओलांडण्याचा अधिकार कोणाकडे राहतो. साहित्यातही एखाद्या लेखकाला ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘प्रादेशिक’ असा रकाना मिळतो तेव्हा आरंभी ती ओळख असते. पुढे तीच त्याच्या पुढच्या पुस्तकाची सीमा ठरू लागते. अभ्यासक्रम आखणारे आपण शिक्षक आणि त्या रकान्यांवर प्रश्नोत्तरे लिहिणारे विद्यार्थी, दोघेही थोडेफार व्यवस्थापकच असतो.

राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांवर मुले आजही मध्यरेषा आखून खेळतात. त्यांतला कोणी उद्या एखाद्या संघाच्या यादीत जाईल आणि त्याच्या नावापुढे एक शब्द लिहिला जाईल. तो शब्द लिहिणाऱ्याने त्याला किमान एका सामन्यात सातही जागांवर खेळताना पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.